एक जागं

ऑर्लिन डीट्झेलच्या गॅरेजात ऑगस्टपासून
बुचाचा भुसा उडतोय.
कुठल्याशा मोडीत निघालेल्या शीतगृहाच्या भिंतीतलं बूच,
काळं, करपट वासाचं.
कानस फिरते तशी पाठ गोल होत जाते,
शेपटीकडं जरा चपटी,
आणि मधेच थांबून तो ती चाचपतो
बाजारात कलिंगड चाचपावं तशी.

हंगाम म्हटलं की मला अजून गळीतच आठवतं,
श्रीरामपूरचा भोंगा, मळीचा वास.
इथं सीबविंगलाही साखरच,
उसाच्या जागी बीट,
आणि हंगाम दोन: एक बीटचा, एक बदकांचा.
दुसऱ्यासाठी फोरमनसुद्धा रजा टाकतो.

माझ्याकडं काम तळाला शिसं ठोकायचं.
पावसाच्या पिंपात एकेक सोडून बघायचं,
कलंडलं की बाहेर, पुसून, खिळा उपटून
बोटभर डावीकडं.
उलटं टाकलं तरी आपसूक सरळ झालं पाहिजे,
नाहीतर ते बदक नव्हे, ओंडका.

डोकी देवदाराची. ती तो कुणाच्या हाती देत नाही.
वरून जाणारा थवा रंग नंतर बघतो,
आधी माना बघतो.
मान ताठ, म्हणजे कुणीतरी काहीतरी पाहिलंय.
म्हणून सगळ्यांच्या माना आखूड, खांद्यात रुतलेल्या,
दोघं तर चोच पिसांत खुपसून झोपलेले.

म्हणजे आम्ही बदकं करतच नव्हतो.
काही झालेलं नाही,
काही होणार नाही,
ये, बस:
हे आम्ही कानशीनं घासून काढत होतो
चाळीस वेळा.

आमच्या माळावर लखमा पारधी यायचा,
काखेत पिंजरा, पिंजऱ्यात पाळलेला तित्तर.
झुडपाआडून तो तित्तर अगदी मनापासून ओरडायचा
आणि रानातले भांडायला धावत यायचे
थेट फासात.
त्याला ठाऊक असतं का, मी विचारलं होतं.
लखमा म्हणाला, त्याला दाणे ठाऊक.

ऑर्लिनची नात ब्रिन, बारा वर्षांची, पहिलाच मोसम.
एक डोकं तिनं हट्टानं मागून घेतलं,
तीन संध्याकाळी खपली,
आणि निघालं ते उंच, ताठ मानेचं,
एक डोळा दुसऱ्याहून वर.
ऑर्लिननं चष्मा काढला.
"हे बघून कुणी उतरायचं नाही."
"सगळी झोपलीत," ती म्हणाली,
"एक तरी जागं असू दे."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.
शिसं मी ठोकलं.
पहिल्याच खेपेला ते सरळ तरंगलं.

ऑक्टोबरात, उजाडायच्या आत, उपसागराच्या उथळ लव्हाळ्यात
मी फक्त दोऱ्या सोडवायला गेलो होतो.
थवा आला. एक घिरटी. दुसरी, अजून खाली.
मग एकदम उचलून
कॅनडाच्या अंगाला निघून गेला.
पोरीनं आपल्या बुटांकडं पाहिलं.
ऑर्लिननं थर्मास उघडला, पहिला कप तिला दिला.
त्या मानेबद्दल कुणी बोललं नाही,
जाऊन कुणी ते उचललंही नाही.

आठच्या सुमाराला पाच उतरली
नेमकी त्याच्याच शेजारी.
राखणीला एक असलं की बाकीच्यांना डोळा लागतो,
असंही असेल.
पाचांतली दोन परत उडाली.

रात्री दोऱ्या गुंडाळताना दिसलं,
ताठ मानेत दोन छर्रे.
ऑर्लिननं लुगदीचा डबा उघडला,
भोकांवर बोट फिरवलं,
डबा बंद केला.
तळाला तापल्या तारेनं साल घातलं, ब्रिनची अक्षरं,
मग तार माझ्याकडं दिली.
मी चार देवनागरी रेघा ओढल्या, धूर झाला.
"काय ते?"
"ओळखीचा होता एक."

बाहेर बीटच्या ट्रकांची रांग वळणापर्यंत आलेली.
पाळीला अजून दोन तास होते.